पापलेटाचे खरे नाव



पुण्याला समुद्र नाही, पण गणेश पेठेतल्या मासळी बाजारात तो बर्फाच्या पेट्यांतून येऊन पोचतो. पाटावर मासळी मांडली की विकणारी बाई नुसत्या नजरेने सांगते : हा सरंगा, ही कापरी, हा हलवा. हलव्याला काळे पापलेट म्हणतात खरे, पण तो निराळ्याच कुळातला. कापरी मात्र पापलेटाची सख्खी बहीण. राहिला आपला रुपेरी सरंगा. आज त्याच्या नावाची हकिकत ऐका.

१७८८ साली युफ्रासेन नावाच्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने चीनमधल्या पर्ल नदीच्या मुखाशी मिळालेल्या पापलेटाचे वर्णन छापले आणि त्याला 'आर्जेन्टियस', म्हणजे रुपेरी, असे नाव दिले. पुढे १८२९ साली फ्रान्सच्या क्यूव्हिए या पंडिताने 'कँडिडस', म्हणजे शुभ्र, हे दुसरे नाव काढले. पण नंतरच्या अभ्यासकांना दोन्ही मासे एकच वाटले. शास्त्राचा रिवाज असा की एका जातीला दोन नावे पडली तर आधीचे चालते. झाले! कँडिडस मागे पडले, आणि आपला सरंगा चिनी माशाच्या नावाने नांदू लागला.

तुम्ही म्हणाल, रूप एक, चव एक, मग नावाने काय बिघडते? भाताचेच घ्या. हळव्याचे आणि गरव्याचे बी मुठीत घेतले तर पुष्कळदा ओळखू येत नाही. पण हळव्याचे वेळापत्रक गरव्याला लावले तर कापणीचा हंगाम चुकतोच ना? माशाचेही तसेच आहे. तो केव्हा अंडी घालतो, किती बोटे वाढल्यावर वयात येतो, हे जातीजातीगणिक बदलते. त्यावरूनच जाळ्याचे आस आणि बंदीचे दिवस ठरवायचे असतात.

मग हे बी पारखायचे कसे? प्रत्येक जिवाच्या पेशीत आनुवंशिकतेची पोथी असते. ती चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेली आहे. २००३ साली कॅनडातील पॉल हिबर्ट यांनी सुचविले की, त्या पोथीतला सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक उतारा वाचून जात ओळखावी. भारतातल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पापलेटाचा हा उतारा वाचला आणि चिनी पापलेटाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळेनात!

पण पंचाईत अशी की युफ्रासेनचा मूळ नमुना हाताशी नव्हता. म्हणून २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याच मुलखातला मासा घेऊन नवा प्रमाण-नमुना ठरवला. खरा आर्जेन्टियस कोणता, ते त्याने पक्के झाले. इकडे आपल्या शास्त्रज्ञांनी जनुकांवरच न थांबता माशाच्या अंगाचीही नव्याने मोजदाद केली. अखेर २०१९ साली त्यांनी उत्तर हिंदी महासागरातल्या रुपेरी पापलेटाला 'पॅम्पस कँडिडस' हे नाव परत दिले. क्यूव्हिएचे नाव १९० वर्षांनी वर आले.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला. मान मोठा, पण सातपाटीसारख्या गावांचे पोट त्याच्यावर चालते, हे त्याहून मोठे. कोवळी पापलेटे जाळ्यात जात राहिली आणि आपल्या दर्यातला सरंगा सरला, तर चीनच्या दर्यातला मासा त्याची जागा भरून काढील, अशी आशा धरता येणार नाही. तो भाऊबंद असेल, पण आपल्या घरचा नव्हे.

तेव्हा गुरुजी, वर्गात राज्यमाशाचे शास्त्रीय नाव सांगाल तेव्हा जुन्या पुस्तकातले आर्जेन्टियस खुशाल दाखवा, पण त्याच्या शेजारी कँडिडस लिहा आणि ही हकिकतही सांगा. आणि मंडळी, बाजारात टीचभरही नसलेले पापलेट स्वस्तात मिळाले, तर ते बी पेरण्याआधीच खाल्ल्यासारखे आहे, एवढे ध्यानात असू द्या.