गरिबाचा छापखाना

मोठ्या संस्थांचा इतिहास लिहायला माणसे मिळतात. त्यांच्या इमारती असतात, कोनशिला असतात, रौप्यमहोत्सवाचे जाडजूड ग्रंथ असतात. परंतु गावचे वाचनालय, आळीतले महिला मंडळ, वर्गणीवर चालणारी रात्रशाळा, दहावीस सभासदांची व्याख्यानमाला, यांचा इतिहास कोण लिहिणार? तो बहुधा एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतो : सभेच्या नोटिसा, जमाखर्चाच्या वह्या आणि फिकट शाईत उमटलेली पत्रके. अशी ट्रंक उघडून बसले म्हणजे ध्यानात येते, की पैसा या मंडळींपाशी कधीच नव्हता. आपले म्हणणे चार लोकांपर्यंत पोचवावे आणि पोचवलेले जपून ठेवावे, एवढ्या बळावर त्या तगल्या. हे बळ त्यांना ज्या स्वस्त साधनांनी दिले, त्यांची हकीकत दिवाळीच्या निवांतपणात ऐकण्याजोगी आहे.

या हकीकतीचा आरंभ पैशाने गांजलेल्या एका नाटककारापासून होतो. आलोइस सेनेफेल्डर हा जर्मनीतील बव्हेरियाचा रहिवासी. बाप नट, तो वारला आणि मुलाचे कायद्याचे शिक्षण अर्ध्यावर सुटले. पोरगा नाटके लिहू लागला, पण ती छापण्याचा खर्च झेपेना. स्वतःच छापावे म्हणून त्याने तांब्याचे पत्रे आणले. तेही महाग पडू लागले. मग त्या मुलुखात मुबलक मिळणाऱ्या चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर तो हात बसवू लागला. १७९६ साली एके दिवशी धुण्याच्या कपड्यांची यादी करायची होती आणि घरात कागदाचा कपटा नव्हता. त्याने ती यादी आपल्या मेणचट शाईने त्या फरशीवरच लिहून टाकली. पुढे दोन वर्षे खटपट करून त्याने त्यातून शिळाछापाची युक्ती सिद्ध केली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढेच त्यातले मर्म. स्निग्ध शाईने दगडावर लिहायचे, दगड ओला करायचा आणि त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झटकतो, अक्षरे ती धरतात. वर कागद दाबला की छाप तयार!

ही शिळा तीस वर्षांच्या आत मुंबईला पोचली. १८२२ साली तेथे शालोपयोगी पुस्तके तयार करण्यासाठी एक संस्था निघाली होती. १८२७ पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. बापू छत्रे, बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखी माणसे तिच्यात काम करीत. मराठी पुस्तके तर हवीत, पण छापायची कशी? इंग्रजीला सव्वीस अक्षरांचे खिळे पुरतात. आपल्या बाळबोध लिपीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात; ते पाडणारा कारागीर हवा आणि जुळवणारा जुळारीही हवा. शिळेने हा सगळा व्याप टाळला. वळणदार हाताचा लेखक बसवला, की त्याचे अक्षर तसेच्या तसे छापता येई. बाळबोध काय आणि मोडी काय, दगडाला दोन्ही सारखीच. म्हणून आपली सुरुवातीची कित्येक शालेय पुस्तके शिळाछापाची आहेत. जुना पोथीलेखक त्यामुळे एकाएकी निकामी झाला नाही. त्याच्या अंगची विद्या नव्या यंत्राच्या कामी आली.

याच काळात गणपत कृष्णाजी या मुंबईकर गृहस्थाने आणखी एक पाऊल टाकले. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्याने स्वतः लाकडी यंत्र उभे केले, दगड शोधला, शाई घोटली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून काढले. छापाच्या शाईत चरबी असते या शंकेने सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा याने शाईत तूप घातले, असे सांगतात. पुढे अक्षरांचे साचे आणि खिळेही त्याने स्वतः तयार केले. त्याने हे आपल्या धंद्यासाठी केले, धर्मादाय म्हणून नव्हे. तरी लहान संस्थांनी शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. यंत्र परदेशी पाहिले, पण त्याचा स्क्रू ढिला झाला तर तो आवळणारा हात मुंबईतच होता. आणि जे साधन लोक हातात घेणार, ते लोकांच्या मनाला पटेल असे करून दिले.

शिळाछाप स्वस्त खरा, पण तो जड दगडाचा मामला. पाचपन्नास प्रतींसाठी तो कोण मांडणार? या अडचणीवर तोड निघाली ती पुढच्या अर्धशतकात. १८७६ साली अमेरिकेत एडिसनने विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. तिची सुई टकटक करीत कागदाला भोके पाडी. त्या भोकांतून शाई खालच्या कागदावर उतरे. युक्ती नामी होती, पण लेखणीला पाण्यातेजाबाची बॅटरी लागे, आणि ती सांभाळता सांभाळता कारकून टेकीस येत. १८८१ साली लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर या हंगेरीहून आलेल्या माणसाने बॅटरी काढूनच टाकली. लेखणीच्या टोकाला त्याने एक दातेरी चाक बसवले. मेणकागदावर लिहीत गेले की चाक आपोआप भोके पाडी. चाकाची लेखणी म्हणून नाव पडले सायक्लोस्टाईल. विजेपेक्षा चाक टिकले, ते कोणालाही चालवता आले म्हणून.

मला या परंपरेत सर्वांत लोभस वाटतो तो जपानचा होरी शिंजिरो. अमेरिकेत एडिसनची पद्धत पाहून तो परतला आणि १८९४ साली त्याने तिचे घरगुती रूप तयार केले. लाकडी चौकट, तीत ताणलेले कापड, एक रूळ, खाली कानशीसारखी खरखरीत पाटी आणि हातात पोलादी लेखणी. लिहिताना 'गारी-गारी' असा आवाज होई, म्हणून लोक त्याला 'गारिबान' म्हणू लागले. कितीतरी दशके जपानी शाळांचे स्वाध्याय, वार्तापत्रे, मुलांचे कवितासंग्रह या चौकटीतून निघाले. मास्तर स्वतः लिहीत आणि स्वतःच छापीत.

आपल्याकडेही सायक्लोस्टाईलने असेच घर केले. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून स्टेन्सिल कापायचे, चूक झाली की त्यावर उग्र वासाचा लाल द्रव फासायचा, आणि मग हँडल फिरवीत बसायचे. काम झाले की स्टेन्सिल वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा वापरण्यासाठी ठेवायचे. ही काटकसर वाचकांपैकी कित्येकांनी केली असेल. पण या यंत्राची खरी कसोटी लागली ती स्वातंत्र्यलढ्यात. १९३० साली सरकारने वटहुकूम काढून छापखान्यांकडून जामीन मागितले. नवजीवन मुद्रणालय जप्त झाले, तेव्हा गांधीजींचे 'यंग इंडिया' सायक्लोस्टाईलवर निघू लागले. मुंबईत काँग्रेसची पत्रके याच मार्गाने घरोघर जात. १९४२ च्या भूमिगतांनीही हेच यंत्र जवळ केले. मोठा छापखाना एका टाळ्याने बंद करता येतो. खोलीखोलीतले रूळ किती बंद करणार?

वाचकहो, आज सायक्लोस्टाईल अडगळीत गेले आहे आणि लहान संस्थांच्या टेबलावर संगणक आला आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण हा इतिहास वाचल्यावर नवे साधन घेताना तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला, हे पोसायला काय पडेल? गाय घेताना तिच्या वैरणीचा हिशेब आपण करतो. यंत्र घेताना मात्र शाई, दुरुस्ती, वार्षिक वर्गणी यांचा विसर पडतो. दुसरा, हे चालवणारी दोन माणसे आपल्यात आहेत काय? सारी खाती एका उत्साही तरुणाच्या फोनवर असली, तर त्याची बदली होताच संस्था मुकी होते. खाती संस्थेच्या नावाने असावीत आणि किल्ल्या दोघांपाशी असाव्यात. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आज लिहिलेले वीस वर्षांनी आपल्यालाच वाचता येईल काय?

हा तिसरा प्रश्न पुस्तकी नाही. माझ्या परिचयाच्या एका वाचनालयाने सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या सभासदांच्या आठवणी गोळा केल्या, संगणकावर उतरवल्या आणि हस्तलिखिते रद्दीत दिली. पुढे ज्या विक्रेत्याचा फाँट वापरला होता, तो मिळेनासा झाला. आता फाईल उघडते, पण पडद्यावर दिसतात ती भलतीच चिन्हे. सांगणारी माणसे केव्हाच गेली. यावर उपायही होता, तोही फुकटचा. सर्व लिपींना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. देवनागरीला तीत आरंभापासून स्थान आहे. त्या संकेतात लिहिलेले कोणा एका दुकानदाराचे मिंधे राहत नाही. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली आली, लिबरऑफिस २०१० साली; दोन्ही विनामूल्य आणि जुन्या संगणकावरही बहुधा चालणारी. लहान संस्थेने आधी अशा गोष्टी पाहाव्या, मग दुकानात जावे.

आणि प्रती एकाहून अधिक ठेवाव्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात नदीकाठच्या घराघरांतून ग्रंथ आणि दप्तरे वाहून गेली. दुसऱ्या ठिकाणी प्रत होती, ते वाचले. आज सभेच्या इतिवृत्ताचे फोनवर छायाचित्र घेऊन ते दुसऱ्या गावच्या सभासदाकडे पाठवायला पैसा पडत नाही. पडतो तो थोडा वेळ.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी आपल्या वहीला हळदकुंकू वाहतो. वही गेली तर दुकान गेले, हे तो जाणतो. आपल्या वाचनालयाच्या, मंडळाच्या, शाळेच्या वह्याही यंदा एकदा बाहेर काढाव्या, झटकाव्या, आणि पाडव्याआधी त्यांची एक प्रत करून ठेवावी.