अनोळखी माणसाशी बोलायचं काय?

एसटीत शेजारच्याला "कुठं निघालात?" विचारलं की गप्पा सुरू. आभासी जगात हा प्रश्न कामाचा नाही. तिथं कुणीच कुठं निघालेलं नसतं!

१९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं 'मड' लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. तिथं सगळा कारभार नुसत्या अक्षरांत. १९८६ मध्ये लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'नं कमोडोर ६४ वर चित्रातलं शरीर दिलं, बोलण्याचे फुगे दिले. शिवाय भूत होऊन नुसतं बघत राहायची सोय! बुजऱ्यांची केवढी काळजी!

२००३ साली आलेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये मी मात्र सशरीर अडकलो. २००७ ची एक रात्र. अर्धा तास खांबासारखा उभा. चौघांना 'हाय' लिहिलं, उत्तर शून्य. तेवढ्यात अंधारून आलं, म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं, "इतक्यात रात्र?" त्यांचे हात हवेत टाइप करू लागले. म्हणजे उत्तर येतंय तर!

"इथला दिवस चार तासांचा असतो."

मग तासभर गप्पा.

नुसत्या 'हाय'ला समोरच्यानं बोलावं तरी काय? दोघांना दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विचारलं, की त्यालाही सुचतं. एसटीत तरी दुसरं काय असतं? दोघांचा रस्ता एकच, एवढंच.