बाळंतविडा : घरचा आणि सरकारचा

घरात पहिल्या बाळाची चाहूल लागली की दोन याद्या तयार होतात. एक आजीच्या तोंडी असते, दुसरी दुकानदाराच्या. आजीची यादी आटोपशीर: जुन्या लुगड्याची बाळुती, दोन झबली, एक कुंची, एक दुपटे, चिमूटभर वेखंड आणि पाळणा. दुकानदाराची यादी मात्र संपता संपत नाही. या दोन याद्यांच्या ओढाताणीत होणारे आईबाप गोंधळून जातात. त्यात आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. बाळ हाती येईपर्यंत त्याच्यासाठी नवे काही आणू नये, असे पुष्कळ घरांत मानतात. वाचकहो, ही समजूत वेडगळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ज्या काळी कित्येक मुलं बारशाआधीच जात, त्या काळाची भीती तिच्यात साठलेली आहे. शिवून ठेवलेले अंगडे रिकामे राहिले, तर ते कुणी पाहायचे?

म्हणूनच ‘आधी काय घेऊन ठेवावे’ हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसला, तरी त्याच्या पोटात मूल जगण्याचा प्रश्न आहे. तो फार जुना आहे आणि वेगवेगळ्या समाजांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

आपल्याकडचे एक जुने उत्तर चरकसंहितेत सापडते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागृह बांधून सज्ज ठेवावे, असे सांगितले आहे. त्यात काय असावे, याची चांगली लांबलचक यादीच आहे. तूप, तेल, मध, सैंधव, वेखंड, सुंठ, पिंपळी, खाट, अग्नी, धारदार शस्त्रे, सुया. आणि या साऱ्यांच्या जोडीला, जिची स्वतःची अनेक बाळंतपणे झाली आहेत अशा मायाळू, न घाबरणाऱ्या स्त्रिया! पुढे बाळाच्या वस्त्रांविषयी सांगितले आहे, की ती मऊ, हलकी आणि स्वच्छ असावीत. घामाने, मळमूत्राने खराब झालेली टाकून द्यावीत. टाकणे परवडत नसेल तर नीट धुवून, धुरी देऊन, वाळवून मग वापरावीत. खेळणी तर कशी असावीत? रंगीत, आवाज करणारी, पण हलकी. टोक नसलेली, तोंडात न जाणारी, मुलाला न घाबरवणारी. आजच्या खेळण्याच्या खोक्यावर छापलेली सूचना वाचा आणि हे वाचा; फारसा फरक दिसायचा नाही. ‘परवडत नसेल तर’ एवढ्या शब्दांत त्या ग्रंथकाराने गरिबाच्या घराचीही सोय लावून ठेवली, हे मला विशेष वाटते.

परंतु ग्रंथात लिहिलेले घरोघर पोहोचते असे नाही. ज्याच्या घरी दुसरे धडके वस्त्रच नाही, त्याने काय धुवावे आणि काय वाळवावे? हा प्रश्न एका देशाने विसाव्या शतकात सरकारचा प्रश्न मानला. तो देश म्हणजे उत्तर युरोपातील फिनलंड.

आज फिनलंड म्हटले की सुखवस्तू, सुशिक्षित देश डोळ्यांपुढे येतो. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. १९१७ साली तो स्वतंत्र झाला आणि लगेच १९१८ साली यादवी युद्धात होरपळला. बहुतेक लोक खेड्यांत राहणारे, शेती आणि जंगलावर पोट असलेले. हिवाळा जीवघेणा. खेड्यातल्या कित्येक बायका ‘सॉना’त, म्हणजे घराशेजारच्या वाफेच्या न्हाणीघरात, बाळंत होत. जागा उबदार, पाणी गरम. आपल्याकडची शेगडीची ऊब असलेली बाळंतिणीची खोली आठवावी, तसाच हा प्रकार.

१९२० साली तेथे मॅनरहाइम बालकल्याण संघ स्थापन झाला. त्याच्या उभारणीत सोफी मॅनरहाइम या परिचारिका पुढे होत्या. त्यांच्या जोडीला आर्वो इल्प्यो हे बालरोगतज्ज्ञ होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा त्यांनी बर्लिनमध्ये राहून अभ्यास केला होता. त्यांच्या पुढाकाराने १९२२ साली हेलसिंकीत पहिले बालसल्ला केंद्र उघडले. आईने धडधाकट मूल घेऊन यावे, वजन करून घ्यावे, दोन शब्द ऐकावेत आणि घरी जावे. मूल आजारी पडल्यावर डॉक्टर शोधण्यापेक्षा ते आजारीच पडू नये, ही त्यामागची साधी कल्पना. हे इल्प्यो स्वतः १०४ वर्षे जगले. १९९२ साली वारले.

१९३०च्या दशकात फिनलंडात दोन काळज्या एकदम पुढे आल्या. जन्म कमी होऊ लागले होते आणि जन्मलेली मुले पुष्कळ दगावत होती. १९३८च्या सुमारास दर हजार जन्मांमागे ६५ मुले वर्षाची होण्याआधीच जात. १९३७ साली मातृत्व-अनुदानाचा कायदा झाला आणि १९३८पासून कमी उत्पन्नाच्या आयांना मदत मिळू लागली. सुमारे दोन-तृतीयांश आया त्यात बसत. मदत रोख घ्या, वस्तूरूपाने घ्या, नाहीतर थोडी अशी थोडी तशी घ्या. वस्तूंची पेटी म्हणजे सरकारने पाठवलेला बाळंतविडाच! आरंभी तीत तयार कपडे कमी आणि कापड जास्त असे, कारण बाळाचे कपडे आईने घरी शिवायचे अशीच रीत होती.

पुढे युद्ध आले. फ्लॅनेल आणि सुती कापड संरक्षण खात्याला हवे झाले. तेव्हा पेटीत कागदाच्या चादरी आणि बाळाला गुंडाळायचे कागदी कापड घालण्यात आले. विचार करा, देश लढाईत अडकलेला, कापड सैन्याला कमी पडते आहे. पण बाळाची पेटी बंद झाली नाही. मला वाटते, राष्ट्राची नियत अशाच ठिकाणी कळते.

खरा महत्त्वाचा टप्पा १९४९चा. त्या वर्षापासून ही मदत श्रीमंत-गरीब असा भेद न करता प्रत्येक आईला लागू झाली. मात्र एक अट आली: गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत आईने डॉक्टरकडे किंवा सल्ला केंद्रात तपासून घेतलेले असले पाहिजे. त्याआधी १९४४च्या कायद्याने गावोगावी अशी केंद्रे काढणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालेच होते. म्हणजे केंद्र दाराशी आणि तिथपर्यंत जाण्याला पेटीचे आमिष. लोभाने म्हणा, गरजेने म्हणा, आई वेळेवर तपासणीला जाऊ लागली.

पेटीतल्या वस्तू बदलत गेल्या, आणि त्यांच्याकडे पाहिले की त्या समाजाचा इतिहासच दिसतो. १९५७ साली कापड आणि शिवणाचे सामान जाऊन सगळे तयार कपडे आले. १९६९ साली वापरून टाकायचे लंगोट आले. पुढे बायका नोकरीला लागल्या, तेव्हा चटकन धुता येणारे, ताणले जाणारे रंगीत कपडे आले. २००६ साली मात्र कापडी लंगोट परत आले आणि दुधाची बाटली मुद्दाम वगळली गेली, कारण अंगावरच्या दुधाला उत्तेजन द्यायचे होते. म्हणजे बघा, फिरून फिरून गाडी आजीच्या यादीवर आली! पेटीच्या तळाशी गादी असते. पुष्कळ मुलांचा पहिला बिछाना म्हणजे ती पुठ्ठ्याची पेटीच. पेटीऐवजी रोख पैसे घेण्याची मुभा आहे, तरी पहिलटकरणी बहुतेक साऱ्याजणी पेटीच पसंत करतात. पहिल्या खेपेला घरात काहीच नसते, आणि काय आणावे हेही ठाऊक नसते.

आता तुम्ही म्हणाल, पेटीमुळे मुले वाचली का? दर हजारी ६५वरून फिनलंड दोनच्या आसपास आला, ही गोष्ट खरी. पण स्वीडन-नॉर्वेत अशी पेटी नव्हती, तरी तेथेही बालमृत्यू असेच घटले. प्रतिजैविके, लसी, स्वच्छ पाणी, शिकलेल्या सुइणी, पोटभर अन्न, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पेटीचे काम आईला वेळेवर केंद्राच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याचे. जिथे नुसती पेटी दिली आणि उंबरठ्यापलीकडे कोणी नसले, तिथे तिचा उपयोग खोक्याइतकाच.

हा विचार आपल्या देशातही आला. तमिळनाडूने २०१५ साली सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी १६ वस्तूंचा संच सुरू केला. तेलंगणाने २०१७ साली तसेच केले. महाराष्ट्रात २०१९ साली शासकीय आरोग्यसंस्थांत होणाऱ्या पहिल्या अपत्यासाठी सुमारे २००० रुपयांचा संच देण्याची योजना आली. कपडे, लहान गादी, टॉवेल, तापमापक, मच्छरदाणी अशा वस्तू त्यात होत्या. मच्छरदाणी फिनलंडच्या थंडीत कशाला लागेल? ज्या त्या हवेची यादी वेगळी, हेच खरे. २०१७च्या केंद्रीय मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये हप्त्यांनी देण्याचे ठरले. तेही नोंदणी, तपासणी, लसीकरण या पायऱ्यांना बांधून. २०२०च्या नमुना नोंदणीत दर हजारी बालमृत्यू भारतात २८, महाराष्ट्रात १६, तर केरळात ६ होते. केरळ आपल्याच देशात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेले अंतर तोडता येण्याजोगे आहे, हे पटते.

तेव्हा वाचकहो, यादी करायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीत तपासणीची तारीख लिहा. दुसऱ्या ओळीत बाळंतपण कोठे होणार आणि अवेळी तेथवर नेणारे वाहन कोणाचे, हे लिहा. तिसऱ्या ओळीत, पहिले चाळीस दिवस आईच्या हाताशी कोण राहणार, त्या माणसाचे नाव लिहा. चरकाच्या यादीतल्या त्या मायाळू बाया विसरू नका. मग मऊ, धुतलेली, उन्हात वाळवलेली बाळुती, चार झबली, ऊबदार दुपटे आणि बाळाला निजायला सपाट, स्वच्छ जागा. एवढे झाले की यादी पुरी झाली. बाकीचे दुकान बाळ आल्यावरही उघडेच असते. आणि आधी काही आणू नये असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटत असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. जुनी लुगडी धुवून घडी घालून ठेवायला कोणाचीच हरकत नसते. आणि तपासणीला जाण्याने कोणाची दृष्ट लागल्याचे अजून तरी कोणी सांगितलेले नाही.