रूपकांची वाट : राचोल ते खानदेश

मराठी ख्रिस्ती साहित्यातील उपमा-रूपकांचा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासूनच आरंभावा लागतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती भाविकांसाठी त्यांनी सुमारे ११ हजार ओव्या रचल्या. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी हिरा, मोगरा, कस्तुरी, मोर यांच्या उपमा योजल्या. आपल्या मायभूमीची फुले-पाखरे आणली नाहीत. स्वर्गालाही ते वैकुंठ म्हणतात. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली, तरी हस्तलिखितांतून हा ग्रंथ टिकला आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. लोकांनी तो जपला, कारण त्यातली प्रतिमासृष्टी त्यांची स्वतःची होती.

उपमेत दोन वस्तू 'जशी-तशी' म्हणत शेजारी उभ्या राहतात. रूपकात त्या एकरूप होतात. या दोहोंचे सामर्थ्य पाहण्यास पाचोऱ्याहून फार दूर जावयास नको. आपल्याच जळगाव जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. तरी संसारासाठी त्यांना चुलीवरचा तवा सुचला, तर ओढाळ मन हे उभ्या पिकात शिरणारे ढोरच झाले. १९५२ साली त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. ज्या वस्तूला रोज हात लागतो, तिच्यातच अर्थ दडलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

प्रभू येशूची रीतही हीच होती. पेरणारा, मोहरीचा दाणा, पिठातले खमीर हे सारे त्याच्या श्रोत्यांच्या घरा-शेतातलेच होते. मग आपल्या नाताळच्या कवितांत बर्फ का पडावा? खानदेशात नाताळ येतो तो कपाशीच्या वेचणीत, शेतात दादर उभी असताना. एकाच कडव्यात दीप, नौका आणि मेंढपाळ यांची गर्दी केल्यानेही भाव विरून जातो. एकच प्रतिमा घ्यावी, ती नीट पाहिलेली असावी आणि अखेरपर्यंत निभवावी.

हा केवळ अलंकाराचा प्रश्न नव्हे. परक्या प्रतिमांत सांगितलेली श्रद्धा आपल्याच मुलांना परकी वाटू लागते. काळ्या मातीतून फुटणारे कपाशीचे बोंड पुनरुत्थानाविषयी बोलू शकते. ते ऐकून लिहिणारे हात मात्र आपल्या धर्मग्रामांतूनच पुढे यावयास हवेत.