मग पुढे काय झालं?

फ्रान्सिस्काचा पाळणा हलला का? ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेतली सहावी कादंबरी, 'व्हेन ही वॉज विकेड', 2004 साली आली आणि वाचक या प्रश्नापाशी अडून बसले. पहिला नवरा जॉन अचानक गेला, पाठोपाठ पोटातलं मूलही गेलं. मायकलशी दुसरा संसार थाटला, पण मुलाबद्दल पुस्तक गप्पच.

2000 ते 2006 या काळात ब्रिजर्टन घराण्यातल्या आठ भावंडांच्या आठ कादंबऱ्या झाल्या. मग क्विनने एकेकीला दुसरा उपसंहार जोडला. आधी ते सुटे ई-बुक म्हणून निघाले, 2013 मध्ये आठही एका पुस्तकात आले, सोबत आई व्हायलेटची कथा.

'एपिलॉग', म्हणजे उपसंहार, हा शब्द मूळचा ग्रीक; अर्थ भाषणाचा समारोप. इंग्रजी रंगभूमीवर नाटक संपलं की एखादं पात्र पुढे येऊन प्रेक्षकांची मर्जी मागायचं. 1669 साली ड्रायडनच्या 'टिरॅनिक लव्ह'मध्ये अभिनेत्री नेल ग्विनची व्हॅलेरिया मरते. तिला उचलून नेत असताना ती नेणाऱ्यालाच दटावते, उठून उभी राहते आणि समारोपाचं भाषण म्हणते! आपल्या संस्कृत नाटकाचं भरतवाक्य सगळ्यांचं भलं चिंतून थांबतं. इथे मेलेलं माणूसही प्रेक्षकांशी बोलल्याशिवाय जात नाही.

पण 'पुढे काय झालं' सांगणाऱ्या उपसंहाराचं खरं माहेर मला जेन ऑस्टेनच्या घरात दिसतं. ब्रिजर्टनची गोष्ट 1813 मध्ये सुरू होते, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापून आली त्याच वर्षी. भाचरांनी विचारलं की जेन आत्या आपल्या पात्रांचं पुढचं सांगायची, असं तिच्या भाच्याने 1869 च्या अखेरीस निघालेल्या तिच्या चरित्रात नोंदवलं आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या किटी बेनेटने पेंबर्लीजवळच्या पाद्र्याशी लग्न केलं, तिची बहीण मेरी हिला मावशीचे यजमान फिलिप्स यांच्या कचेरीतला कारकून मिळाला. 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या मिसेस नॉरिसने भाचा विल्यम याला दिलेली ती घसघशीत रक्कम किती? एक पौंड! पुस्तकात न लिहिलेला हा आकडा आत्याला ठाऊक होता. पात्रं तिच्या मनात पुस्तक मिटल्यावरही जगत होती, म्हणून तर.

क्विनचे उपसंहारही मला तिथेच भावतात, जिथे मागचं काही राहून गेलेलं असतं: पहिल्या कादंबरीचा नायक सायमन याच्या वडिलांची न उघडलेली पत्रं, धाकट्या हायसिंथने वर्षानुवर्षं धुंडाळलेले हिरे. ते हिरे तिच्या मुलीला सापडतात आणि पोरगी ते मुकाट्याने परत जागेवर ठेवते, हे पहिल्या उपसंहारात वाचून कुणाला झोप लागेल?

फ्रान्सिस्काला दुसऱ्या उपसंहारात मूल होतं. मूल नसलेल्या संसाराचंही सुख पुरेसं असतं, असं मी मनापासून मानते. तरी त्या पानांवर पोहोचले तेव्हा आधी आठवलं ते जॉनमागोमाग गेलेलं बाळ, आणि त्यानंतरच्या कितीतरी महिन्यांचं तिचं मुकं मोजणं.