एन्लार्जरमधील दिवा आणि छायाचित्राची साक्ष

छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून हाती घेताना ते कोणी, केव्हा व कोठे घेतले, एवढी पृच्छा आपण सामान्यतः करतो. ते कोणत्या प्रकाशात छापले गेले, हा प्रश्न मात्र अंधाऱ्या खोलीतील कारागिराचा समजून सोडून दिला जातो. वस्तुतः एकाच निगेटिव्हवरून दोन भिन्न प्रकाशयोजनांनी काढलेल्या प्रती अभ्यासकापुढे दोन भिन्न साधने म्हणून येऊ शकतात. हा फरक कसा उत्पन्न झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य प्रती निगेटिव्हच्याच आकाराच्या असत. काचेची प्लेट अल्ब्युमेन कागदाला भिडवून चौकट उन्हात ठेवावयाची, ही रूढ रीत. मोठ्या चित्रांची हौस तेव्हाही होतीच. बाल्टिमोर येथील चित्रकार डेव्हिड अ‍ॅचेसन वुडवर्ड यांनी १८५७ मध्ये ‘सोलर कॅमेऱ्या’चे पेटंट घेतले. आरशाने सूर्यप्रकाश आत घ्यावयाचा, मोठ्या भिंगाने तो लहान निगेटिव्हवर एकवटावयाचा व पलीकडे मोठी प्रतिमा पाडावयाची, अशी त्याची रचना होती. सूर्य सरकेल तसा आरसा फिरवावा लागे आणि कागद मंद असल्याने प्रत उठण्यास तास मोडत. निघालेली प्रत बहुधा फिकी असे व चित्रकार तीवर रंगकाम करून ती पुरी करीत. तेव्हा अशा ‘छायाचित्रा’त प्रकाशाचे काम किती व कुंचल्याचे किती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

जिलेटिन-ब्रोमाइड कागद १८८० नंतर प्रचारात आला आणि सूर्याची गरज संपली. वायूचा दिवा, आर्क दिवा आणि पुढे विजेचा बल्ब यांवर काम भागू लागले. तरीही विवर्धन हा नित्याचा व्यवहार झाला तो १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा आल्यानंतर. त्याची निगेटिव्ह २४ × ३६ मिलिमीटरची. ती आहे त्या आकारात छापून कोणाचेच समाधान होणार नव्हते. आठ पट विवर्धन करावयाचे तर प्रकाश सुमारे चौसष्ट पट क्षेत्रावर पसरतो. म्हणून लहान निगेटिव्हच्या एन्लार्जरमध्ये दुधी बल्बच्या खाली कंडेन्सर भिंगे बसविण्याची पद्धत रुळली. ती प्रकाश वाया जाऊ देत नाहीत. निगेटिव्हमधून पार झालेले किरण थेट प्रक्षेपक भिंगाकडे वळवितात.

येथेच खरी अडचण आहे. निगेटिव्हमधील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि हे कण प्रकाश नुसता अडवीत नाहीत, तर विखुरतातही. कंडेन्सरमधून शिस्तीने आलेला किरण दाट चांदीत शिरला, की त्याचा बराचसा भाग वाट सोडतो व भिंगापर्यंत पोहोचत नाही. विरळ भागातून मात्र तो जवळजवळ सरळ जातो. परिणामी दाट भाग आहे त्याहून दाट वाटतो, म्हणजेच प्रतीतील उजळ भाग अधिकच पांढरे पडतात. प्रकाश आधीच दुधी काचेने विखुरलेला असेल तर असे होत नाही. एका दिशेचा किरण हरवला तर दुसऱ्या दिशेचा त्याची जागा घेतो. बेल्जियन संशोधक आंद्रे कॅलिये यांनी १९०९ मध्ये या घटनेचे मोजमाप प्रसिद्ध केले व आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. व्यवहारात हा फरक कागदाच्या साधारण एका ग्रेडइतका भरतो. कंडेन्सरची प्रत ‘जिवंत’ व विखुरलेल्या प्रकाशाची ‘मवाळ’, अशी जी वाग्युद्धे छायाचित्रकारांत दीर्घकाळ चालली, त्यांतील बराच भाग या एका ग्रेडचाच होता असे माझे मत आहे. कागद बदलला, की वादाचे कारण पुष्कळसे नाहीसे होते. निगेटिव्हवरील ओरखडे व धूळ मात्र कंडेन्सरखाली निश्चितच अधिक उठून दिसतात.

एडवर्ड वेस्टन हे आपल्या ८ × १० इंची निगेटिव्ह छताला टांगलेल्या उघड्या बल्बखाली छापीत. बल्ब उघडा, म्हणून प्रत कडक येईल असा तर्क कोणी केल्यास तो चुकेल. कागद निगेटिव्हला भिडलेला असल्याने विखुरलेले किरणही त्यावरच पडतात. हरवण्यास त्यांना वाव नसतो. संपर्कमुद्रणात दिव्याच्या रचनेला एरवीचे महत्त्व राहत नाही, ते यामुळेच.

आता आपल्याकडील जुन्या वाड्यांतून व स्टुडिओंतून मिळणाऱ्या काचेच्या प्लेटांकडे वळू. अल्ब्युमेन किंवा उन्हात आपोआप काळ्या पडणाऱ्या कागदासाठी तयार केलेली निगेटिव्ह मुद्दाम दाट व तीव्र तफावतीची केलेली असे. त्या कागदाची काळी झालेली सावली स्वतःखालील भागालाच झाकीत जाई, म्हणून काळोख्या भागांतील तपशील बुडत नसे आणि उजळ भागांना पुरते ऊन देता येई. अशी प्लेट आज कंडेन्सर एन्लार्जरमध्ये घालून ब्रोमाइड कागदावर छापली, तर अंगरख्याच्या चुण्या व उपरण्याची वीण पांढऱ्या डागात विरून जाते. त्या प्रतीवरून वेषभूषेविषयी अनुमान काढणारा अभ्यासक प्लेटवर असलेली वस्तू ‘नव्हती’ असे लिहून बसण्याचा संभव आहे. अशा प्लेटांसाठी संपर्कमुद्रण उत्तम; विवर्धन करणे भागच असेल, तर विखुरलेला प्रकाश व मवाळ ग्रेडचा कागद घ्यावा.

विखुरलेल्या प्रकाशाचा एक प्रकार म्हणजे थंड दिवा, अर्थात वेटोळी घातलेली वायुनलिका. तिची उष्णता अल्प, त्यामुळे फिल्म तापून फुगत नाही. अँसेल अ‍ॅडम्स हे विखुरलेल्या प्रकाशाचेच पुरस्कर्ते होते. पण इल्फर्डने १९४० मध्ये आणलेल्या मल्टिग्रेड कागदाचा ग्रेड प्रकाशाच्या रंगावर ठरतो. निळ्याने तफावत वाढते, हिरव्याने घटते. जुन्या नलिकांचा प्रकाश निळसर असल्याने हा कागद त्यांच्याखाली अवास्तव कडक होई व पिवळी काच लावावी लागे. साध्या बल्बचीही खोड ध्यानात ठेवावी. विजेचा दाब दहा टक्के उतरला, तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. ज्या गावी विजेचा दाब सायंकाळी खालावतो, तेथे स्टॅबिलायझर ही चैन नव्हे.

अलीकडे हे काम स्कॅनरकडे गेले आहे. तथापि चांदी तीच आहे व ती प्रकाश पूर्वीप्रमाणेच विखुरते. काही फिल्म स्कॅनरांचा प्रकाश कंडेन्सरप्रमाणे एकदिश असतो, तर सामान्य सपाट स्कॅनरांचा विखुरलेला. संग्रहाच्या नोंदवहीत प्लेटचा आकार व क्रमांक लिहिला जातोच. त्याच ओळीत प्रत कोणत्या प्रकाशात घेतली, हेही लिहावे.