‘इक्वेशन एडिटर’ : दस्तऐवज-सुरक्षेच्या इतिहासातील एक प्रकरण

जुने दस्तऐवज वाचता आले पाहिजेत, हा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकाला स्वाभाविक वाटतो. परंतु याच आग्रहातून संगणकाच्या क्षेत्रात एक धोका सतरा वर्षे जपला गेला. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाचा विचार केला आहे.

वर्डमध्ये गणिती सूत्रे लिहिण्याचे ‘इक्वेशन एडिटर’ हे साधन मूळचे मायक्रोसॉफ्टचे नव्हे. ‘मॅथटाइप’ तयार करणाऱ्या डिझाइन सायन्स या अमेरिकन कंपनीचे ते होते. ऑफिससोबत मिळणाऱ्या त्याच्या प्रतीवर ९ नोव्हेंबर २००० ही निर्मितीची तारीख आढळते. ऑफिस २००७ मध्ये सूत्रलेखनाची नवी सोय आली, तरी जुन्या फाईलींतील सूत्रे दुरुस्त करता यावीत म्हणून हे साधन तसेच ठेवण्यात आले.

त्यातील दोष वरकरणी क्षुल्लक होता. सूत्रातील फॉन्टचे नाव ही आज्ञावली स्मृतीतील ठरावीक जागेत उतरवून घेई. ते तेथे मावते की नाही, हे मात्र तपासत नसे. मुद्दाम लांबवलेले नाव शेजारच्या जागेवर पसरे आणि काम संपल्यावर आज्ञावलीने कोठे परतायचे तो पत्ताच पुसून टाकी. तेथून पुढे संगणक हल्लेखोराच्या आज्ञा पाळू लागे. त्यासाठी मॅक्रोला संमती देण्याचीही गरज नसे.

असा दोष अपरिचित होता, असे म्हणता येत नाही. जेम्स अँडरसन यांच्या १९७२ च्या अमेरिकी हवाई दलासाठीच्या अहवालात त्याचे वर्णन आहे, तर १९८८ च्या मॉरिस वर्मने पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक हाच होता. विंडोज व ऑफिसमध्ये पुढे संरक्षणाचे उपाय आले; पण २००० साली बनलेली आणि वर्डपासून स्वतंत्रपणे चालणारी ही आज्ञावली त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

एम्बेडी या संस्थेच्या संशोधकांनी हा दोष उघड केला. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेली दुरुस्ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक वाटावी. ‘झिरोपॅच’च्या अभ्यासकांनी दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा मूळ संहितेवरून आज्ञावली नव्याने न बनवता तयार फाईलमध्येच हाताने फेरफार केल्याची चिन्हे आढळली. ताम्रपटावरील अक्षरे ठोकून सपाट करावीत आणि तेवढ्याच जागेत नवी कोरावीत, तसा हा प्रकार! मूळ संहिता हाताशी नसावी, असा तर्क त्यावरून केला गेला. तो सिद्ध झालेला नाही.

याच साधनात आणखी दोष सापडले आणि जानेवारी २०१८ मध्ये ते ऑफिसमधून काढूनच टाकण्यात आले. तथापि दुरुस्ती न केलेले संगणक सर्वत्र होते. २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या दहा दोषांची जी यादी अमेरिकी शासनाने मे २०२० मध्ये प्रसिद्ध केली, तीत हा दोष आहे.

त्या साधनाने लिहिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही उघडतात. सूत्रे चित्रासारखी दिसतात. मात्र एखादे चिन्ह बदलायचे झाल्यास सूत्र वर्डच्या नव्या आवृत्तीत नव्या स्वरूपात रूपांतरित करून घ्यावे लागते, दुसरे साधन शोधावे लागते किंवा सूत्र पुन्हा लिहावे लागते.